उतर की, ठेसन आलं

गुंडू गवळ्याला उभ्या जन्मात ‘हळू बोला’ असं सांगणारा माणूस एकच भेटला, तो म्हणजे घशाचा डॉक्टर. बाकी कुणाची छाती झाली नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर रोज संध्याकाळी तो दोन म्हशी आणून बांधतो, गिऱ्हाइकाच्या देखत धार काढतो, फेसाळता पेला हातात देतो आणि हे सगळं करता करता रस्त्याच्या पलीकडच्या पानवाल्याशी गप्पाही मारतो. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून पळवतात, तेव्हा दुसऱ्यांच्या म्हशींपुढं फटफटी फुरफुरवावी लागते. गुंडूच्या रंभेला नुसती त्याची हाक पुरते. असा आवाज शाहू स्मारकाच्या थंडगार अंधाऱ्या हॉलमध्ये नेऊन बसवायचा म्हणजे धोकाच होता. त्याची बायको शालूबाई हे पुरतं जाणून होती, म्हणून तिनं दारातच बजावलं.

“आत गेल्यावर त्वांड मिटून बसायचं. लेकीचा पिच्चर हाय, कुस्त्याचं मैदान न्हवं.”

“बसतो की,” गुंडू म्हणाला, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी मान वळवून पाहिलं.

लेक म्हणजे स्वप्नाली, एकुलती एक. पुण्यात एका मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासते. कट्ट्यावरची मंडळी यावरून चेष्टा करायची, “बाप दूध काढतोय, लेक दुधात खोट काढतीय.” गुंडूला ही चेष्टा इतकी आवडली होती की नव्या गिऱ्हाइकाला तो ती स्वतःच ऐकवायचा. स्वप्नाली पुण्याला गेली ती हट्टानं गेली. शालूबाईनं अबोला धरून पाहिला, रडून पाहिलं, शेवटी डबाभर लाडू बांधून दिले. तेव्हापासून रोज फोन व्हायचा. जेवलीस का, जेवलो, कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात. बरी हायस का, बरी हाय की. एवढ्यावर फोन संपायचा. शालूबाईला तेवढं पुरायचं, गुंडूला पुरत नव्हतं. पोरीचा आवाज कसा घासूनपुसून फळीवर मांडलेल्या भांड्यासारखा यायचा. कुठं डाग नाही, पण त्यात काही शिजलेलंही नाही. त्याच्या मनात खुट्ट झालं होतं, पण बोलायचं कुणापाशी?

आणि एक दिवस तिनं सांगितलं की ती एका सिनेमात आहे. म्हणजे अख्ख्या सिनेमात नाही. पुण्याच्या मेट्रोनं जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांवर वेगवेगळ्या पोरापोरींनी छोटे छोटे सिनेमे काढले होते आणि ते सगळे एका माळेत ओवले होते. माळेचं नाव ‘दरवाजे उजवीकडे उघडतील’. त्यातला शेवटचा मणी स्वप्नालीचा. कोल्हापुरातल्या सिनेमावेड्या मंडळींनी तो इथं दाखवायचं ठरवलं, रविवारी सकाळी. स्वप्नाली आदल्या दिवशीच आली होती आणि आता आईबापाच्या मधल्या खुर्चीत ओढणीचं टोक पिळत बसली होती.

दिवे गेले. पहिल्या सिनेमात एक बँडवाला आपलं भलंमोठं पितळी वाजंत्र घेऊन मेट्रोत चढला आणि ते ठेवायला जागा मिळेना म्हणून शेवटी एका साहेबाच्याच मांडीवर विसावलं. गुंडू खदखदून हसला. शालूबाईनं लेकीच्या पाठीमागून हात घालून त्याला चिमटा काढला. दुसऱ्यात सरकत्या जिन्याला घाबरणारी एक म्हातारी होती. तिला बघून शालूबाईच म्हणाली, “अगं, डोळं झाकून पाय टाक.” असं करत करत शेवटचा सिनेमा आला.

त्यात कुणी काही बोलत नव्हतं. स्वप्नाली कामावरचे कपडे घालून मेट्रोत बसलेली. खिडकीबाहेर पुणं मागं पळतंय, गच्च्यांवरची धुणी, नदी, पूल. डब्यात माणसं चढतात, उतरतात, प्रत्येकाची मान आपापल्या फोनात. ऊन तिरपं होत होत विझतं. आणि मग ती रडायला लागते. आवाज नाही, हुंदका नाही. खालचा ओठ दातात धरून ती अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत बसते. पुन्हा पुन्हा, तीच पेरं.

गुंडू खुर्चीत पुढं सरकला. ही पेरं त्याच्या ओळखीची होती. लहानपणी रंभेच्या आईचं रेडकू मेलं, तेव्हा ही पोर गोठ्याच्या उंबऱ्यावर अशीच पेरं मोजत बसली होती. पुढं बारावीला नापास झाली, तेव्हाही. आवाज करून ती कधी रडलीच नाही. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बापाच्या पोटी अशी मुकी पोर कशी जन्मली, हे त्याला कोडंच होतं. हॉलमध्ये मागं कुणीतरी पुटपुटलं, “काय अभिनय आहे!” गुंडूला वाटलं, उठावं आणि त्याला सांगावं की बाबा, असलं कुणी शिकवत नसतं.

पडद्यावर गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली. माणसं उठली, पिशव्या सावरल्या, दार उघडलं, डबा रिकामा झाला. स्वप्नाली बसूनच होती. दार उघडं होतं आणि ती त्या दाराकडं बघतसुद्धा नव्हती. गुंडूला मग राहवलंच नाही.

“उतर की बाळ! ठेसन आलं!”

हाक अख्ख्या हॉलभर घुमली. पाडव्याला नदीच्या घाटावर घुमते तशीच. क्षणभर कुणाला काही कळलं नाही आणि मग असा हशा फुटला की काही विचारू नका. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. शालूबाईनं पदर तोंडाला लावला आणि जमीन दुभंगायची वाट बघत बसली. पडद्यावर दार मिटलं, गाडी पोरीला घेऊन माघारी फिरली आणि दिवे लागले. गुंडूनं भीत भीत लेकीकडं पाहिलं. ती हसत नव्हती आणि चिडलेलीही नव्हती. ती समोर कोऱ्या पडद्याकडं बघत होती.

सिनेमा काढणारी मुलगी, संयोगिता तिचं नाव, मंचावर आली. केस आखूड, बोलणं मऊ. ती म्हणाली, “स्वप्नाली काही नटी नाही. ती मला मेट्रोतच भेटली. रोज त्याच डब्यात, त्याच खिडकीशी बसलेली दिसायची. मी फक्त कॅमेरा लावला.” लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. गुंडूनं वाजवल्या नाहीत.

घरी जेवणं झाली. शालूबाईनं दुपारभर नवऱ्याला फैलावर घेतलं. गुंडूनं सगळं मुकाट ऐकून घेतलं आणि तेवढ्यावरूनही तिला काही उमगलं नाही. आता गंमत बघा. कोल्हापूरचा माणूस वाटेवरच्या अनोळखी पावण्याला गाव, पगार, पोरंबाळं, धाकट्याचं लगीन का अडलंय, हे सगळं एका दमात विचारतो. पण पोटच्या पोरीला ‘तुला काय होतंय’ एवढं विचारायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. गुंडू दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. एकदा पंखा बंद करायचाय का म्हणाला आणि एकदा चालू करायचाय का म्हणाला.

संध्याकाळी मात्र म्हशी सोडताना तो म्हणाला, “चल कट्ट्यावर. रंभेच्या धारंला तू बस आज.”

स्वप्नाली आली. रंभा तिच्याच हातावर वाढलेली. रेडकू असताना तिला बाटलीनं पाजायची ती स्वप्नालीच. कट्ट्यावर नेहमीचे लोक जमले होते. सगळ्यांत पुढं तात्यासाहेब. भांड्यांचे जुने व्यापारी, जैन घरातले. दिवस मावळल्यावर ते पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत, म्हणून रोज उन्हं असतानाच येऊन ताजं दूध पिऊन जातात. “आली काय आमची हिरोईन,” असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रेडकानं चार ढुशा दिल्या, त्याला बाजूला घेतलं, स्वप्नालीनं कास धुतली आणि चरवी गुडघ्यांत धरून बसली. सड ओढले. काही नाही. पुन्हा ओढले. रंभेनं मागं वळून पाहिलं, शेपटी झटकली आणि दूध वर चोरून धरलं. लोक वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, “पुण्याच्या हाताला देत न्हाय रं म्हस.” स्वप्नालीचे कान लाल झाले.

गुंडू तिच्या शेजारी उकिडवा बसला. रंभेच्या मांडीवर हात फिरवत राहिला. आणि मग तो हळू बोलला. खरंच हळू, इतकं की आधी स्वप्नालीलाही ऐकू आलं नाही.

“जनावराला हात कळतुया, पोरी. हातात जे असतंय त्ये त्याला कळतंय. सकाळी ते नाटक न्हवतं.”

तात्यासाहेबांनी तेवढं ऐकलं. ते शहाणे गृहस्थ. त्यांनी पाठ फिरवली आणि मावळतीकडं बघत, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऊस यंदा कसा आहे ते विचारायला सुरुवात केली.

स्वप्नाली सडांवरचा हात न काढता बोलायला लागली. “लॅबमधलं काम मला आवडतंय आप्पा, खरंच. तिथं मी हसतो, बोलतो, साहेब सुद्धा चांगलं हायत. पर रूमवरली मैत्रीण लगीन होऊन गेली. आता सांच्याला कुलूप काढलं की आत निस्ता माझ्याच चपलांचा आवाज. हितं ह्या टायमाला केवढा गलका असतोय. तिथं त्येच टायमाला… मग उतरूच वाटत न्हाय. गाडीत माणसं असतात. बोलत न्हाईत, पर असतात. म्हणून बसून ऱ्हातो. ह्या टोकाला जातो, त्या टोकाला जातो.”

“मग सांगायचं न्हाय?”

“सांगिटलं असतं तर आई म्हनली असती, ये माघारी.”

ये माघारी. गुंडूच्याही ओठांवर तेच दोन शब्द आले होते. म्हटलं असतं तर पोर आली असती, हे त्याला दिसत होतं. गोठा होता, घर होतं, गल्लीत गलका तर पैशाला पासरी होता. रोज संध्याकाळी ती डोळ्यांसमोर राहिली असती, आणि त्याला दुसरं हवं तरी काय होतं? पण आपल्या कामाविषयी बोलताना तिचा आवाज पहिल्यांदाच भरल्या भांड्यासारखा वाजला होता आणि ते त्याच्या कानांनी टिपलं होतं. त्यानं ते दोन शब्द गिळले. फार जड गेले.

“मग उतरायचं की,” तो म्हणाला.

“कुठं?”

“कुठंबी. ठेसन आलं की उतरायचं. उतरून एकाला तरी इचारायचं, पावणं, कुठलं गाव. आन मला फोन करायचा, उतरलो म्हणून. मी हितंच असतो त्या टायमाला.”

“पुण्यात असं कुणी इचारत न्हाय आप्पा. येडी म्हणतील.”

“म्हणू देत. कोल्हापूरची हाय म्हणाव.”

स्वप्नालीला हसू आलं आणि हसताना डोळ्यांतून पाणीही आलं. ते तिनं दंडाला पुसलं. “पुण्यात लई जणांनी बघिटला त्यो पिच्चर,” ती म्हणाली. “कुणी म्हणालं कॅमेरा भारी, कुणी म्हणालं ते गप बसणं भारी. उतर म्हणणारं तुमीच पहिलं.”

रंभेनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि पान्हा सोडला. चरवीत धार वाजली. तात्यासाहेबांच्या हातात पेला गेला तेव्हा ऊन अजून समोरच्या गच्चीवर होतं.

स्वप्नाली त्याच रात्री पुण्याला परतली आणि दुसऱ्या दिवसापासून कट्ट्याला नवाच छंद लागला. धार काढायच्या ऐन वेळेला फोन वाजायचा. गुंडूचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तात्यासाहेब फोन त्याच्या कानाशी धरायचे.

“उतरलो आप्पा. नळ स्टॉप.”

“इचारलंस का कुणाला?”

“एका बाईला इचारलं. ती पर्स आवळून पळाली.”

कट्टा हसायचा. पण पोर नेटानं रोज उतरत होती. कधी आनंदनगरला, कधी नदीपलीकडं. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, मी गावचा नाही, इथलाच आहे, आणि वर रागावला. एका फुलवालीनं मात्र गाव सांगितलं, माहेर सांगितलं, सासूची कागाळी सांगितली आणि जाताना एक गजरा फुकट दिला. पुढं एक आजोबा भेटले, कोल्हापूरकडच्याच गडहिंग्लजचे. ते तर तिचं बोलणं ऐकून स्टेशनातच बाकावर बसले आणि डोळे पुसत म्हणाले, किती दिसांनी कानावर आलं गं हे. लेकाकडं राहायला आलेले, घरात कुणाला त्यांच्याशी बोलायला सवड नव्हती. मग ते रोज त्या वेळेला स्टेशनाखाली फिरायला यायला लागले. कट्ट्यावरचे लोक गुंडूला आता दुधाआधी विचारायचे, “आज कुठं उतरली?” शालूबाई तेवढी धुसफुसत होती. “पोरीला घरी ये म्हणायचं सोडून उतर उतर म्हणतोय. कसला बाप म्हणायचा ह्यो.” रात्री अंथरुणावर पडल्यावर गुंडूही स्वतःला हेच विचारायचा.

आणि मग एका संध्याकाळी फोन आला नाही.

थंडीचे दिवस होते, दिवस लवकर मावळायचा. तात्यासाहेब दुसऱ्या म्हशीच्या दुधाचा आपला पेला रिकामा करून फोन हातात घेऊन उभे होते. गुंडू रंभेपाशी बसला. सड ओढले, आणि रंभेनं दूध चोरलं. इतक्या वर्षांत तिनं गुंडूच्या हाताला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं आंबोण पुढं सारलं, पाठ थोपटली, रेडकू पुन्हा सोडलं. म्हैस ढिम्म. तात्यासाहेबांनी फोन लावून दिला. वाजला, वाजत राहिला, बंद झाला.

“गाडीत आसंल,” तात्यासाहेब म्हणाले.

“आसंल,” गुंडू म्हणाला.

ऊन गच्चीवरून उतरलं, रस्त्यावरचे दिवे लागले. गिऱ्हाइकं पेले हातात घेऊन ताटकळत होती, पण कुणी घाई केली नाही. तात्यासाहेबांची जायची वेळ कधीच टळली होती, तरी ते हलले नाहीत. गुंडू एक शब्द बोलत नव्हता. पलीकडच्या पानवाल्यानं दोनदा मान उंचावून पाहिलं, आज कट्टा बंद आहे की काय म्हणून. गुंडूला डोळ्यांपुढं तो रिकामा डबा दिसत होता. उघडं दार, खिडकीशी पोर, आणि पेरांवरून फिरणारा अंगठा. बोलवायला हवं होतं माघारी. मोठा शहाणा, म्हणे उतर. त्या परक्या गावात ती उतरून उतरून जाणार कुठं? त्याला वाटलं, आत्ता उठावं, मिळेल ती एसटी धरावी आणि त्या मेट्रोच्या डब्याडब्यातून हाका मारत फिरावं.

फोन वाजला. तात्यासाहेबांनी तो इतक्या घाईनं कानाशी नेला की गुंडूच्या गालावरच आपटला.

पलीकडं नुसता गोंधळ. पोरांचं किंचाळणं, भांडी, कुणाचंतरी मोठ्यानं हसणं. त्यातून स्वप्नालीचा आवाज आला आणि तो चक्क ओरडत होता.

“आप्पा! इसरलोच की ओ मी! गडहिंग्लजच्या आजोबांच्या घरात हाय. नातवाचा वाढदिस हाय त्यांच्या. फुगं फुगवाय बसलो, फोन कुठं ठेवला ध्यानातच न्हाय. तुमी वाट बघिटली व्हय?”

“छ्या,” गुंडू म्हणाला. “वाट कशाला बघू? म्हस पिळाय लागलोय.”

“मग ठेवू? केक कापायलेत, मला हाका मारायलेत.”

“ठेव, ठेव.”

फोन बंद झाला. गुंडूनं डोकं रंभेच्या कुशीला टेकवलं आणि तसाच बसून राहिला. तात्यासाहेबांनी वाकून विचारलं, काय म्हणाली. आणि तेवढ्यात गुंडूच्या बोटांना ऊब लागली. न ओढताच सड भरून आले होते. चरवीत धार पडली, फेस चढत चढत काठाला आला. त्यानं पहिला पेला भरला आणि सवयीनं तात्यासाहेबांपुढं धरला.

“दिवस मावळला की गुंडू,” तात्यासाहेब म्हणाले. “मी तर मघाशीच पिलोय. दुसऱ्याला दे.”

“मावळला व्हय,” गुंडू म्हणाला. मग तो उठून उभा राहिला, खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला, आपल्या नेहमीच्या आवाजात, अख्ख्या गंगावेशीला ऐकू जाईल अशी हाक घातली.

“ओ पानवालं! आमची पोरगी आज मला इसरली बगा!”

पानवाल्याला बिचाऱ्याला आत्ताचा फोन काही ऐकू गेला नव्हता. त्यानं हातातलं पान खाली ठेवलं आणि हळहळून म्हणाला, “अरारा. लई वाईट झालं की.”

गुंडू हसायला लागला, आणि कितीतरी वेळ हसतच राहिला.